पालथी पायरी

नामा भावजींनी हणमंताच्या कानाखाली अशी ठेवून दिली की त्याच्या डोक्याचं मुंडासं उडून थेट पुण्याच्या मॅडमच्या पायापाशी जाऊन पडलं.

रेवती मॅडम कात्री हातात घेऊन उभ्या होत्या. फीत अजून कापायची होती. समोर खुर्च्यांवर तीस-पस्तीस पाहुणे, सगळे बसनं आलेले, गळ्यात कॅमेरे, डोक्यावर टोप्या. त्यातल्या एकानं चक्क टाळी वाजवली. त्याला वाटलं, हा कार्यक्रमातलाच खेळ आहे.

"कुनी केली ही सुलटी?" भावजींनी हणमंताची गचांडी धरली. "बोल की! कुनाच्या बाच्या हुकमानं केलीस?"

हणमंताच्या ओठातून रक्त यायला लागलं होतं. तो फक्त खाली पायरीकडं बघत होता. मीही तिकडंच बघत होते.

आता तुम्ही म्हणाल, एका पायरीवरून एवढं काय? थांबा, सांगते.

ही आमची धोंडमाची. कड्याच्या पोटात बसलेलं गाव, बावीस घरं, सगळी काळ्या दगडाची. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड चढवलेला आणि फटीत दगडाच्या बारीक चिपा ठोकलेल्या. वरचा कडा सुटायला लागला तेव्हा सरकारनं आम्हाला खाली पायथ्याला नेऊन बसवलं, पत्र्याच्या खोल्यांत. घरं तशीच पडली. पाच वर्षांत बाभळी उगवल्या आत. मग या मॅडम आल्या. म्हणाल्या, कड्याला जाळी मारू, घरं होती तशी उभी करू, शहरातली माणसं बघायला येतील, चार दिवस राहतील, तुम्हाला काम मिळेल. आम्हाला आधी खरं वाटेना. ज्या घरात पावसाळाभर चूल पेटायची नाही ते बघायला कोण येणार? पण आली हो माणसं! येडीच म्हणायची.

काम केलं हणमंतानं. वडार माणूस, जतकडचा. दगडाला हात लावला की दगडानं त्याच्याशी बोलावं असा कारागीर. त्याची एक रीत होती. भिंत उकलायच्या आधी एकेका दगडावर गेरूनं आकडा घालायचा. कुठल्या घराचा, कितवा थर, कितवा दगड. मग मळ काढून, माती काढून, दगड जिथला तिथं. "काढला तसाच घालायचा, अक्का," मला म्हणायचा. "म्हाताऱ्यांनी काय इचार करून ठेवलाय ते आपल्याला कुठं ठावं?" चिपसुद्धा बदलायचा नाही. शंका आली तर काम थांबवून घरवाल्याला विचारायचा.

सात नंबरचं घर माझं. आठ नंबरचं बयाजीचं. दोन घरांच्या मधे छातीएवढा रचीव दगडांचा गडगा.

त्या गडग्यावरूनच माझा नवरा गेला. श्रीपती. वीतभर गडगा इकडं सरकला का तिकडं, एवढ्यावरून. बयाजी पहार घेऊन आला नि त्यानं एकच घाव घातला, डोक्यात. श्रीपती आमच्या दारातल्या पायरीवर पडला. मी चुलीपुढून उठून येईपर्यंत पायरी न्हाऊन निघाली होती. माझा दिगू सहा वर्षांचा होता. दारात उभा राहून बघत होता. त्याच्या हातात अर्धी भाकरी होती, ती त्यानं तशीच धरून ठेवली होती.

बयाजी सात वर्षं आत राहून आला. आल्यावर गावानं आमच्यात चालत आलेली रीत केली. ज्या दगडावर माणसाचं रक्त सांडलं तो दगड पालथा घालायचा. ज्यानं सांडलं त्याचा एक हात, ज्या घराचं सांडलं त्या घरातल्या कर्त्याचा एक हात, दोघांनी मिळून. रक्ताची बाजू मातीत. "पायरी पालथी, वैर पालथं, पायरी सुलटी, वैर सुलटं," असं जुनी माणसं म्हणायची. एकदा घातली की ती कुणी शिवायची नाही. आमच्या घराकडून नामा भावजींनी हात लावला. माझे धाकटे दीर. श्रीपतीच्या मागं घरात कर्ता पुरुष तेच. मला कोण विचारतंय? मी आत भिंतीला टेकून उभी होते. बयाजीचा श्वास मला ऐकू येत होता, दगड जड होता ना.

तर तीच ती पायरी. सगळ्या पायऱ्या घडीव, गुळगुळीत, नि आमच्या दारातली ही एक खडबडीत, पाठ वर करून पडलेली. पाहुण्यांच्या स्वागताच्या दिवशी मात्र ती सुलटी होती. घडीव बाजू वर. चार दिवस सगळ्या पायऱ्यांवर पोती अंथरून ठेवली होती, आतल्या भिंतींच्या गिलाव्याच्या मातीचे डाग पडू नयेत म्हणून. त्या दिवशी सकाळी पोती उचलायचं काम माझ्याकडंच होतं. मी ती उचलली. आणि नऊ वाजता खालच्या वस्तीतली माणसं वर आली तेव्हा पहिली नजर भावजींची पडली.

"तोंडात काय दही धरलंयस का?" भावजींनी हणमंताला दुसरी लगावली. मग तिसरी. तिसरीला तो खाली बसला. भावजींची दोन पोरं धावली, त्यांनी लाथांनी तुडवायला सुरुवात केली. बरगडीत लाथ बसली की त्याच्या तोंडून 'हं' असा आवाज यायचा, घण मारताना यायचा तसाच.

"अहो, काय चाललंय काय!" मॅडम ओरडल्या. "सोडा त्याला! दिगंबर, अरे, थांबव ना यांना!"

दिगंबर म्हणजे माझा दिगू. वीस वर्षांचा झाला होता. मॅडमनी त्याला या गावाचा व्यवस्थापक नेमला होता, आठ दिवस पुण्याला शिकायला पाठवला होता, तो त्याच सकाळी पाहुण्यांच्या बसनं परत आला होता. पांढरा सदरा, छातीवर नावाची पट्टी. आमच्या वस्तीत पगारावर लागलेलं पहिलं पोर. आदल्या महिन्यात सुपारी फुटली होती त्याची. मुलगी बघून आल्यापासून आरशापुढून हलत नव्हता. माझ्या सगळ्या जन्मात देवानं एवढी एकच चांगली गोष्ट दिली होती.

दिगूनं दोघा भावांना बाजूला ढकललं. "अण्णा, काय झालं ते तरी सांगा!" तो भावजींना म्हणाला. "पाव्हन्यांच्या म्होरं काय लाज काढताय?"

"लाज?" भावजी हसले. ते हसणं मला अजून आठवतं. "लाज तुझ्या दारात पडलीया. बघ खाली."

दिगूनं खाली बघितलं. तो हळूच बसला, पायरीवरून तळहात फिरवला. चेहरा असा पांढरा झाला की मला वाटलं, हा पडतोय आता.

"हणमंता," तो म्हणाला, "तू तर इचारल्याबिगर चिप हलवत न्हाईस."

हणमंता भिंतीला टेकून बसला होता. त्यानं रक्त थुंकलं, त्यात एक दात होता. मग त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. एवढंसंच, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर.

"माझी चूक झाली, मालक," तो म्हणाला. "माझ्या हातनं झाली."

मी काही बोलले नाही.

तेवढ्यात गडग्याच्या पलीकडून बयाजी उठला.

बयाजीचं सांगायला हवं. मॅडमना तो फार आवडायचा. साठीचा म्हातारा, पांढऱ्या मिश्या, दिसायला देवमाणूस. त्याला आठ नंबरच्या ओट्यावर बसवून अंबाडीचा दोर वळायला लावलं होतं, पाहुण्यांना दाखवायला. डोक्याला गुलाबी फेटा बांधला होता. येणारी जाणारी बाई त्याच्या शेजारी बसून फोटो काढून घ्यायची. "बाबा किती गोड आहेत!" फीत कापायच्या आधी रंगीत तालीम झाली, त्या दिवशी पुण्याहून आलेल्या एकीनं त्याच्या गालाला हात लावला. गोड! मी इकडं सात नंबरमधे पाहुण्यांसाठी पिठल्याला पीठ कालवत होते. चौदा वर्षं माझी पांढऱ्या कपाळानं गेली. आणि हा गोड!

पण एक खरं, शब्दाचा पक्का. पायरी पालथी घातल्यापासून त्यानं आमच्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी टाकलं. गडगा ओलांडून आला तो, म्हातारा माणूस, धोतर दगडाला अडकून टर्रकन फाटलं.

"नामा," तो म्हणाला, "पालथी घालू. आत्ताच घालू. चूक झाली गवंड्याची. चल, हात लाव." आणि तो पायरीपाशी उकिडवा बसला, दोन्ही हातांनी दगडाची कड धरून ओढायला लागला. एकट्याच्यानं हलणार आहे का? चार मण दगड. फेटा घसरून डोळ्यांवर आला. "लाव की रं हात! सगळी बघत्यात. लाव!"

भावजी जागचे हलले नाहीत.

आता इथं माझा हिशेब कुठं चुकला ते ऐका. मला वाटत होतं, पायरी सुलटी झाली तर ज्यानं हात लावला होता त्याच्यावर ते येणार. शब्द भावजींनी दिलेला, मोडला तर त्यांचा मोडला. भाऊ त्यांचा मेला होता. मिशीला पीळ देत चौदा वर्षं गावात ते फिरत होते. दिगू तर तेव्हा पोर होता, त्याचा या रीतीशी संबंधच काय?

भावजी म्हणाले, "मी न्हाय लावत हात. आन् मी काय करनारबी न्हाय. पालथ्या पायरीला शिवलेल्यानं पुन्ना रक्त काडलं तर त्याचा वंश बुडतो, हे काय मला सांगाया पायजे व्हय?" मग ते दिगूकडं वळले. "पन तू न्हाईस शिवलेला, दिगू. तुझा हात मोकळा हाय. तुझा बाप हितंच पडला व्हता. आन् त्यो बघ, त्याच जागी मान वाकवून बसलाय. आता तुझं तू बघ."

मी भावजींच्या पुढ्यात धावले.

"भावजी!" मी किंचाळले. "जिभंला हाड हाय का तुमच्या? माझं पोर हाय त्ये!"

"वैनी, बायामानसानं यात पडू नगा."

दिगू उठून उभा राहिला. बापाला मारल्याचं बघितलेलं पोर, त्याच्या आत काय साठलं होतं हे मला तरी कुठं ठाऊक होतं? कधी बोललाच नाही. शाळेत शहाणा, घरात शहाणा. तो वळला आणि घरात गेला. मला वाटलं, पाणी प्यायला गेला असेल. आई असून मला वाटलं असं!

सोप्यातल्या भिंतीवर मॅडमनी जुनी हत्यारं शोभेसाठी टांगली होती. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, कोयता. घासूनपुसून, तेल लावून, खाली नावाच्या चिठ्ठ्या. दिगू बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कोयता होता आणि मुठीला ती चिठ्ठी तशीच लोंबत होती.

"अरे, हे काय करतोय हा!" पाहुण्यांत कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळ्या खुर्च्या एकदम पडल्या. बायका पोरांना ओढत पळाल्या. मॅडम मात्र पळाल्या नाहीत, हे त्यांचं मानलंच पाहिजे. दोन्ही हात पसरून दिगूच्या आडव्या आल्या. "दिगंबर, माझ्याकडं बघ. माझ्याकडं बघ, बाळा." त्यानं त्यांना नुसतं हातानं बाजूला केलं. त्या गडग्यावर जाऊन आदळल्या, कपाळ फुटलं.

बयाजीनं मान वर केली. दारात दिगू, तो खाली पायरीपाशी. पळायला जागा होती त्याला. पण पायच उचलेनात. तो नुसताच "ए, ए, ए पोरा" म्हणत राहिला, म्हातारी माणसं गुराला हाकलतात तसा.

पहिला घाव त्यानं खांद्यावर घेतला. वळला म्हणून, नाहीतर मानेवरच होता. आवाज असा आला की मला आपलं शेवग्याची फांदी तोडल्यासारखं वाटलं. रक्त फेट्यावर उडालं, पायरीवर पडलं. बयाजी पायरीवर आडवा झाला आणि त्याची मान अगदी तिथं आली, जिथं श्रीपतीचं डोकं होतं.

दिगूनं कोयता पुन्हा उचलला. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता, काहीच नव्हतं. वीस वर्षं मी ते तोंड बघत आले होते, त्या दिवशी ते मला ओळखू येईना. मला एवढंच दिसलं, हा घाव पडला की माझं पोर गेलं. बयाजी मरेल तो मरेल, मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तेव्हाही नव्हतं, आज तो मेल्यावरही नाही. पण माझं पोर आत जाईल, बाहेर येईल तोवर केस पांढरे झालेले असतील, आणि मग बयाजीच्या घरातला कुणी सहा वर्षांचा पोर अर्धी भाकरी हातात धरून मोठा होत राहील.

हणमंताची पहार गडग्याला टेकून उभी होती.

मी ती दोन्ही हातांनी उचलली आणि दिगूच्या उचललेल्या हातावर घातली. कोपराच्या जरा वर. हाड मोडलेलं मला पहारीतून हाताला कळलं. कोयता सुटून खणकन दगडावर पडला. दिगू माझ्याकडं बघत राहिला. त्याला दुखलंच नव्हतं अजून. मग तो डाव्या हातानं कोयता घ्यायला वाकला. वाकला हो, त्या मोडलेल्या हातानिशी वाकला! मी पुन्हा मारली. या खेपेला पाठीत. तो तोंडावर आपटला, पायरीच्या कडेवर, आणि त्याची भुवई उघडली. तरी मी पहार वर धरलीच होती. ओरडत होते. काय ओरडत होते ते मला आठवत नाही. घशातून रक्त आल्यासारखं लागत होतं.

हणमंतानं मागून पहार धरली. "झालं, अक्का," तो म्हणाला. "झालं. ऱ्हाऊ द्या आता."

भावजी आणि त्यांची पोरं कधी सटकली कुणाला कळलं नाही. वाघ म्हणवून घेणारी माणसं! अंगणात उरलो आम्ही पाच जण. दिगू कण्हत होता. बयाजी खांदा दाबून बसला होता, बोटांतून रक्त येत होतं. मॅडम कपाळाला ओढणी लावून फोनवर गाडी बोलवत होत्या, आवाज थरथरत होता तरी पत्ता नीट सांगत होत्या.

पायरीवर दोघांचं रक्त होतं. दिगूचं आणि बयाजीचं. खालच्या कडेला येऊन एक झालं होतं.

"हौसाबाय," बयाजी म्हणाला, "हात लावता का?"

चौदा वर्षांत तो पहिल्यांदा माझ्याशी बोलला. मी त्याच्याकडं बघितलंही नाही. पण खाली बसले. आता दिगूचं रक्त काढणारीही मीच आणि ज्या घराचं सांडलं त्या घरातलीही मीच. दुसरा कर्ता कुठून आणू? आणि कर्त्यांचं काय ते बघितलं होतंच. बयाजीनं एक धड हात लावला, मी दोन्ही लावले. दगड हलेना. हणमंता आला, बरगड्या धरून, एका बाजूनं सुजलेलं तोंड. त्यानं पहारीचं टोक दगडाखाली सारलं आणि वजन टाकलं. तिघांनी मिळून पायरी पालथी घातली. ती धप्पकन बसली तेव्हा जमीन हादरली, असं मला वाटलं.

तालुक्याच्या दवाखान्यात हवालदार आला. बयाजीच्या खांद्याला अकरा टाके पडले होते. "कुणी मारलं?" त्यानं विचारलं.

"गडग्यावरनं पडलो," बयाजी म्हणाला.

"गडग्याला धार असते का, आजोबा?"

"आमच्या माचीवरच्या असत्या."

"आणि हे पोरगं?"

"त्योबी पडला. मला धराया गेला न् पडला."

हवालदारानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "व्हय." मॅडमना विचारलं तर त्यांनीही कपाळाला हात लावून सांगितलं, गर्दी झाली, ढकलाढकली झाली. काय करणार बिचारा? त्यानं लिहून घेतलं, चहा प्यायला आणि गेला. भावजींशी माझं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं ते झालं.

दिगूचा हात जुळला, पण वाकडा. खांद्याच्या वर जात नाही. घास डाव्या हातानं घेतो. लग्न झालं, ती मुलगी सोयरीक मोडून गेली नाही, गुणाची निघाली. दोन लेकरं झाली. बसनं गेलेले पाहुणे वर्षभर परत फिरकले नाहीत, मग हळूहळू यायला लागले. दिगूच सगळं बघतो आता. बयाजी पाचव्या वर्षी अंथरुणातच गेला, शांतपणे. त्याच्या नातवाला दिगूनं आठ नंबरचं घर चालवायला दिलंय. दोघं एका ताटात जेवतात कधी कधी. मी बघते आणि आत जाते.

परवा हणमंता आला होता. बारा वर्षांनी. म्हातारा झालाय, छातीत धूळ बसलीय, दोन पावलं चालला की थांबतो. त्यानं सगळ्या भिंतींवरून हात फिरवला, एक एक घर बघितलं. चिप हललेली नाही म्हणाला. मग आमच्या दारात आला आणि पालथ्या पायरीच्या बाजूला, जमिनीवरच बसला. दिगूनं चहा आणला, डाव्या हातात बशी.

"हणमंतामामा," दिगू म्हणाला, "त्या दिशी लई मार खाल्ला तुम्ही आमच्यापायी."

"माझी चूक व्हती, मालक."

बारा वर्षं मी गप्प बसले होते. देवळात बोलले नाही, सुनेजवळ बोलले नाही. पण तो म्हातारा, तो दात पडलेला, पुन्हा तेच वाक्य म्हणाला आणि मला धरवेना.

"न्हाई," मी म्हटलं. "त्याची चूक न्हाई, दिगू. त्यानं मला इचारलं व्हतं. फीत कापायच्या चार दिस आधी. म्हनला, अक्का, सगळ्या पायऱ्या घडीव, हीच पालथी कशी? असंच व्हतं का, का कुनी चुकून घातली? नुकताच त्या बाईनं बयाजीच्या गालाला हात लावून फोटू काडला व्हता, दोन घडीबी झाल्या नव्हत्या. मी म्हनलं, चुकून घातली आसंल. करा सुलटी. वर पोतं मीच टाकलं. मला वाटलं, नामा भावजी बघतील नि काय ते करतील. तुझं मनातबी आलं न्हाई माझ्या, देवाशपथ न्हाई आलं."

हणमंता चहाच्या बशीत बघत म्हणाला, "मालक, अक्कांचं तोंड बघून मलाच कळाया पायजे व्हतं. दगडाची भेग लांबनं दिसती मला. मानसाची न्हाई दिसली."

मी दिगूकडं बघायला धजत नव्हते. त्यानं हणमंताच्या हातातली रिकामी बशी घेतली, पायरीवर ठेवली.

"बारा वर्सं ह्या हातानं घास उचलत न्हाई मी," तो म्हणाला. "का मारलंस, आसं येकदा तरी इचारलं का तुला?"

"म्हंजी?"

"म्हंजी काय? पहार मारताना काय वरडत व्हतीस ते साऱ्या डोंगरानं ऐकलं. 'मीच केली सुलटी, मीच केली, मला मार.' तुझं तुलाच ऐकू आलं न्हाई फकस्त."

तो उठला. खालून पाहुण्यांची बस येत होती, हॉर्न वाजला. जाताना त्यानं नेहमीसारखा उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवायला उचलला, तो खांद्यापाशी अडला, मग मीच डोकं खाली केलं.

तुम्ही परवा त्याच बसनं आलात. बाकीच्या पायऱ्या गुळगुळीत नि हीच अशी का, असं आज तुम्ही दिगूला विचारलंत, आणि तो म्हणाला, आईला विचारा. आधी कुणी विचारलं की मी म्हणायची, जुनी रीत आहे, आणि पिठल्याला वळायची.

सांभाळून या आत. ठेवा पाय, काही होत नाही. तिच्यावर पाय ठेवूनच आम्ही सगळे घरात येतो.